त्याच्या जबड्याचं माप

लॅबमध्ये तिला सगळे कवळीबाई म्हणत आणि तिलाही ते नाव आवडायचं. एकवीस वर्षं ती लोकांच्या कवळ्या बनवत होती. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा व्हायचा आणि तो पुठ्ठ्याच्या डबीत, वर नंबर टाकून, तिच्या टेबलावर यायचा. माणूस कधी यायचा नाही. यायच्या त्या नुसत्या हिरड्या, टाळू आणि नंबर. साचा तळहातावर घेऊन अंगठा फिरवला की तिला कळायचं, हा एकाच बाजूने चावत आलाय, हिने दुखरी दाढ भीतीपोटी वर्षभर तशीच ठेवली होती. दुरुस्तीला आलेल्या वापरलेल्या कवळ्याही ती बिनदिक्कत हातात घ्यायची. त्यांच्यावर कुणाचं काय काय चिकटलेलं असायचं ते इथे लिहीत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

"तुला कशाची घाणच वाटत नाही बाई," शेजारच्या टेबलावरचा मेणवाला म्हणायचा. साच्यांवर मेण चढवणं हे त्याचं काम आणि कवळीबाईला चिडवणं हा त्याचा विरंगुळा.

"तोंडाची कसली घाण?" ती म्हणायची. "घाण असतो तो माणूस."

पण जेवायची सुट्टी झाली की हीच बाई नकोशी व्हायची. भिंतीला पाठ लावून बसायची. तिचा चमचा दुसऱ्या कुणी उचलला तर तो ती पुन्हा वापरायची नाही. कुणी "एक घास दे गं" म्हणालं, तर ती अख्खा डबा त्याच्यापुढे सरकवायची आणि स्वतः संध्याकाळपर्यंत उपाशी राहायची. एका डब्यात दोन हात तिला चालायचे नाहीत. मेणवाल्याने सुरुवातीला याचीही थट्टा केली, मग एकदा तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

चेहऱ्यावर जे दिसलं ते फार जुनं होतं. ती सात वर्षांची असताना तिच्या आईने दुसरं लग्न केलं. पहिला नवरा तापाने गेला होता. दुसरा बस कंपनीत तिकीट तपासनीस होता, इस्त्रीचे कपडे, तेल लावून बसवलेला भांग, गल्लीत सगळ्यांशी गोड. बाहेर तिकिटं तपासून त्याचं मन भरायचं नाही, म्हणून घरी येऊन तो तोंड तपासायचा.

स्वयंपाकघरात टेबल होतं, तीन खुर्च्या होत्या आणि ताटं दोन होती. पहिल्याच आठवड्यात त्याने तिचं ताट वरच्या फळीवर टाकलं. "माझ्या रक्ताची तर तू नाहीस," तो हसत म्हणाला. "मग माझं उष्टं खाऊन तरी माझी हो." आधी तो जेवायचा. तोंड उघडं ठेवून, मचमच करत, सावकाश. ती समोर बसून बघायची, कारण बघायचंच असा हुकूम होता. मटणाचा चिवट तुकडा तो चघळून चघळून पांढरा करायचा आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. पाव रश्शात बुडवून अर्धा चावायचा आणि अर्धा परत ताटात टाकायचा. मग ढेकर द्यायचा आणि ताट तिच्याकडे ढकलायचा. कडेला काढलेलं सगळं आधी संपवायचं, मग उरलेलं.

तिने ते तोंडात घातलं की अंगठा आणि एक बोट तिच्या गालांवर यायचं. तो गाल असे दाबायचा की तोंड आपोआप उघडायचं. "गिळलंस का? जीभ दाखव." गालात काही लपलेलं सापडलं, तर तळहाताने नाक आणि तोंड दोन्ही बंद, ते खाली जाईपर्यंत. एकदा ती ओकली. त्यानंतर काय झालं ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुन्हा ती कधी ओकली नाही, एवढं पुरे.

शेजारीपाजारी म्हणायचे, सावत्र असून पोरीला बोट लावत नाही हो. लावायचा की, दोन बोटं लावायचा. आणि तिला हाक मारायचा, "ए उष्टे." पाहुण्यांसमोरसुद्धा. पाहुण्यांना ते लाडाचं नाव वाटायचं आणि तेही हसायचे.

आणि आई? आई मोरीकडे तोंड करून उभी असायची. भांडी घासून झालेली असली तरी नळ सोडून ठेवायची. ताट पुढे सरकलं की नळ सुटायचा आणि ताट रिकामं झालं की बंद व्हायचा. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली असावी. अकरा वर्षं असं चाललं. अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी कपड्यांची एक पिशवी घेऊन बाहेर पडली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. आईला ती वर्षातून दोनदा बागेतल्या एका बाकावर भेटायची. हवापाणी, गुडघे, कुणाचं लग्न. दोघी त्या ताटाबद्दल मूग गिळून बसायच्या. कवळीबाईला सावत्र बापाचा राग होताच, पण खरं सांगायचं तर त्या उघड्या नळाचा राग त्याहून मोठा होता. हे तिने स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं.

त्या दिवशी दुपारी आई थेट लॅबमध्ये आली. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. कवळीबाईने हात पुसून स्टूल पुढे केलं.

"ह्यांची कवळी आहे," आई स्टुलाच्या कडेवर टेकत म्हणाली. "बसत नाही गं. बोलताना उडते, खाताना टोचते. डॉक्टरीणबाईंनी चारदा घासून दिली."

"मग मी काय करू?"

"बघ तरी. तुझं कामच आहे ना हे."

कवळीबाईने रुमालाला हात लावला नाही. मेणवाल्याने मध्येच हात घालून तो सोडला, वरची कवळी बघितली, खालची उलटी केली आणि म्हणाला, "अगं, ही तर तुझीच."

लॅबमध्ये प्रत्येकाची खूण ठरलेली होती, म्हणजे काम परत आलं तर कुणाकडे जायचं ते कळावं. कवळीबाईची खूण म्हणजे खालच्या कवळीला, जिभेच्या बाजूने, तीन बारीक ठिपके. ते तिथे होते. आठ महिन्यांपूर्वीच्या रजिस्टरात नंबरही सापडला. नावाच्या जागी फक्त नंबर आणि 'पुरुष, वय एकाहत्तर'.

म्हणजे त्याचा टाळू तिने तळहातावर घेतला होता. त्याच्या हिरड्यांवरून तिने अंगठा फिरवला होता. त्याचे पुढचे दोन दात तिने जरासे तिरपे लावले होते, अगदी एकसारखे लावले तर खोटे दिसतात म्हणून. मऊ फडक्याने चमकवून, उजेडात धरून बघितलं होतं, आणि बरं जमलंय असं मनाशी म्हटलं होतं. आणि गेले आठ महिने त्या माणसाची जीभ तिच्या तीन ठिपक्यांवरून फिरत होती. ती मोरीपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा.

परत आल्यावर तिने त्या नंबरचा जपून ठेवलेला साचा काढला आणि चिमट्याने कवळी उचलून त्यावर बसवली. चूक लगेच दिसली. दोन्ही जबडे जिथे सहज मिटतात त्या जागेचं माप घ्यावं लागतं, लॅबमध्ये त्याला बाईट म्हणतात. मेणाची पट्टी तोंडात ठेवून माणसाला मिटायला सांगतात. घाबरट किंवा हेकट माणूस अशा वेळी खालचा जबडा पुढे काढतो, आणि माप खोटं येतं. त्या खोट्या मापावर दात लावले तर ते टेबलावर देखणे दिसतात आणि तोंडात निरुपयोगी ठरतात. जबडा मागे गेला की मागच्या दाढा एकमेकींना भेटतच नाहीत. हे माप पुढे पडलं होतं. तिला ते तेव्हाही जाणवलं होतं, हेही तिला आता आठवलं. डबी परत पाठवायला हवी होती. पण त्या आठवड्यात टेबलावर चाळीस डब्या होत्या आणि तिने स्वतःला सांगितलं होतं, असतो एखाद्याचा जबडा पुढे.

म्हणजे आठ महिने त्याला चावता येत नव्हतं, आणि ते तिच्यामुळे. हे कळल्यावर पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल? आनंद झाला. लपवायचं कशाला? असा आनंद झाला की हसू दाबायला तिने मान फिरवली.

"मग खातात काय?" तिने विचारलं. उत्तर ऐकायला गोड वाटणार होतं, म्हणूनच विचारलं.

"पातळ काहीबाही. पण त्यांना ते नको असतं. मटण हवं, पाव हवा."

"मग?"

"मग देते मी मऊ करून."

"मिक्सरमधून?"

"मिक्सरचं पिठासारखं लागतं म्हणतात." आईने रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. तिच्या गालाचं हाड सुजल्यासारखं दिसत होतं. आईचे स्वतःचे दात शाबूत होते, या वयातही.

"आई. कसं मऊ करतेस?"

"चावून देते," आई म्हणाली. "त्यात काय. चावते आणि ताटात ठेवते. समोर बसून चावायचं, म्हणजे मी गिळत नाही ना ते त्यांना दिसतं."

मेणवाला उठला आणि बाहेर गेला.

"जीभ बघतात?" कवळीबाईने विचारलं.

आईने रुमालाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "म्हातारपण आहे गं. चालायचंच."

कवळीबाईला आधी त्याची किळस आली, मग आईची, त्या 'चालायचंच'ची, आणि शेवटी स्वतःची, मघाच्या आनंदाची. तिच्या हातून झालेली चूक त्याला बाधलीच नव्हती. ती घरातल्या दुसऱ्याच बाईच्या तोंडात जाऊन बसली होती, दिवसातून दोन वेळा. हा माणूस असा होता की त्याच्यावर थुंकावं तरी ते दुसऱ्याने पुसायचं.

"दात नीट बसले तर चावणं बंद करशील?"

"नीट बसले तर कशाला चावेन?" आई म्हणाली. तिने पहिल्यांदाच वर बघितलं.

डॉक्टरीण वयाने लहान होती आणि आता या पेशंटला कंटाळली होती. "दरवेळी जबडा पुढे काढतात हो," ती फोनवर म्हणाली. "सांगितलेलं ऐकतच नाहीत. ताई, तुम्हीच या एकदा. बाईट चुकला की तुम्हाला लगेच कळतं." नाही म्हणता आलं असतं. लॅबच्या माणसाने दवाखान्यात जायचा रिवाज नव्हता. ती शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गेली. तोंडाला मास्क, केसांवर टोपी, हातात मोजे.

तो खुर्चीत आडवा होता. पसाभर झाला होता. गाल आत, ओठ आत, हनुवटी वर. भांग मात्र तसाच, तेल लावून बसवलेला. त्या तेलाचा वास मास्कमधूनही आला. मोरीतलं पाणी चालू झाल्याचा आवाज आला, तो खराच होता, मागे मदतनीस बाई हात धूत होती. आई भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

त्याने हिला ओळखलं नाही. डॉक्टरणीने मेणाच्या पट्ट्या तोंडात बसवल्या आणि बाजूला झाली. बाईट घेताना एका हाताने हनुवटी धरावी लागते, अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला. कवळीबाईने हात पुढे केला आणि तो हवेतच थांबला. हीच ती पकड होती. कामाचीच रीत ती, पुस्तकातही तशीच दिलेली असते, पण आजवर तिने ती फक्त प्लास्टरवर केली होती. मग तिने ती त्याच्यावर केली. मोज्यातूनसुद्धा कातडी थंडगार आणि ढिली लागली.

"जीभ मागे न्या," ती म्हणाली. "टाळूला लावा. आता गिळा आणि मिटा."

गिळताना जबडा आपोआप मागे, आपल्या जागी जातो. सगळ्या जगाचा जातो. याने गिळायचं सोंग केलं आणि जबडा पुढे काढला.

"गिळा."

पुन्हा पुढे. ओठाच्या कडेतून लाळ तिच्या मोज्यावर आली आणि मनगटाकडे सरकली. तिसऱ्यांदाही तेच. डोळ्यांत मिश्कील चमक होती. कुणी काही सांगितलं की ते करायचं नाही, यात त्याला मजा येत होती.

कवळीबाईने दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढला. त्याच्या तोंडावर वाकली आणि त्याच्याच सावकाश चालीत म्हणाली, "गिळलंस का? जीभ दाखव."

चमक गेली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या नकळत, खरोखरीच, घशातली गाठ वरखाली झाली. जबडा मागे सरकला आणि मेण मेणावर नेमकं बसलं.

"बस, असंच. हलू नका," डॉक्टरीण पटकन म्हणाली. तिला फक्त एवढंच दिसलं होतं की माप बरोबर आलं.

आईला सगळं दिसलं होतं. ती पर्सची चेन उघडत आणि लावत होती.

असल्या क्षणानंतर म्हणे माणसाला मोकळं वाटतं. कवळीबाईला काडीचंही मोकळं वाटलं नाही. बसमध्ये बसल्यावर तिच्या तोंडातून निघालेलं ते वाक्य तिला तोंडात शिळ्यासारखं लागत राहिलं. ते वाक्य त्याचं होतं, आणि इतकी वर्षं ते तिने जपून ठेवलं होतं.

नवे दात लावायला तिला चार दिवस लागले. मागच्या एखाद्या दाढेची उंची केसभर वाढवली तर डॉक्टरला कळत नाही, तपासणीतही सुटतं. पेशंटची हिरडी मात्र रोज त्याच जागी सोलवटते. असल्या क्लृप्त्या तिला दहा माहीत होत्या. तिने ती दाढ केसभर वर बसवली, पाहिली, मेणवाल्याकडे नजर टाकली. तो मान खाली घालून काम करत होता. मग तिने ती परत खाली घेतली. दुखलं असतं तर कवळी वाटीत गेली असती आणि आई पुन्हा समोर बसून चावत राहिली असती. या माणसाला धड त्रासही देता येत नव्हता. प्रत्येक वाट आईच्या तोंडातून जात होती. आयुष्यात इतकं चोख काम तिने इतक्या शिसारीने कधी केलं नव्हतं. शेवटी खूण करायची वेळ आली तेव्हा तिने ते तीन ठिपके केले नाहीत.

कवळी बसवायच्या दिवशी ती स्वतः होऊन गेली. कवळी खट्‌कन बसली. डॉक्टरणीने त्याला सफरचंदाची जाड फोड दिली, चावून बघा म्हणाली. त्याने चावली. मचमच, तोंड उघडं ठेवून, सावकाश. तीस-पस्तीस वर्षांत त्यात तसूभर फरक पडला नव्हता.

"बरे झालेत," तो म्हणाला. मग कवळीबाईकडे वळला. "तुझ्या हातचे होय? चला, तेव्हा एवढं खाऊ घातलं ते वाया नाही गेलं."

"खाऊ नाही घातलंत," कवळीबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "तुम्ही चघळून टाकलेलं मला अकरा वर्षं गिळायला लावलंत. नाक दाबून. हे यांनाही कळू दे."

डॉक्टरणीच्या हातातला आरसा तसाच राहिला. तो हसला, "काहीतरीच बोलते," म्हणाला, आणि खुर्चीतून पाय खाली सोडत त्याने हातातली अर्धी खाल्लेली फोड आईच्या पुढे धरली. बघितलंसुद्धा नाही. खुंटीला टोपी अडकवावी तसा हात पुढे केला.

आईचा हात सवयीने वर आला आणि तिने ती घेतली. कवळीबाईच्या मनात आलं, संपलं. ही खाणार. इथे, माझ्यासमोर. ती पाठ फिरवून जिना उतरली.

रस्त्यावर ऊन होतं. तो बाहेर आला आणि कुणाची वाट न बघता बसथांब्याकडे चालू लागला. आई एकेक पायरी धरत मागून आली. तिची मूठ मिटलेली होती. ती कवळीबाईजवळ थांबली आणि मूठ उघडली. फोड तिच्यातच होती, तपकिरी पडत चाललेली, तिच्यावर दातांच्या खुणा. कवळीबाईने लावलेल्याच दातांच्या, ओळीत, नेमक्या.

"हे कुठे टाकू?" आईने विचारलं.

कवळीबाईने औषधाच्या दुकानाबाहेरचा कचऱ्याचा डबा दाखवला. आई तिथपर्यंत गेली, फोड टाकली आणि परत आली.

"चल गं," पुढून तो ओरडला. आई जागची हलली नाही.

"तुझ्या ताटातलंही टाकायला हवं होतं मी," ती म्हणाली.

"हो," कवळीबाई म्हणाली. "टाकायला हवं होतंस."

ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. तसं तिला वाटतही नव्हतं. आईने मान हलवली, जणू तेवढंच ऐकायला ती थांबली होती. मग तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, गटाराच्या कडेला वाकली आणि चूळ भरली. काही खाल्लेलं नव्हतं, तरी भरली. एकदा, दोनदा, गाल फुगवून, पार घशापर्यंत, थुंकली आणि पुन्हा भरली. बाटली संपली. पुढे तो हाका मारत होता.

कवळीबाईने आपल्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली, जिला ती कुणाचं तोंड लागू द्यायची नाही, आणि झाकण उघडून आईच्या हातात दिली.